हेल्पलाइनवरच्या मुल्ला मॅडम

आमच्या ऑफिसात फोन करणारा माणूस बहुधा चिडलेलाच असायचा. सगळं सुरळीत असलं तर हेल्पलाइनला फोन कोण करतो? मुल्ला मॅडम फोन उचलायच्या, पहिली तीन-चार वाक्यं नुसती ऐकून घ्यायच्या आणि मग म्हणायच्या, "बोला की सावकाश. मी कुठं जात न्हाय." एवढ्यावर निम्म्या लोकांचा आवाज खाली यायचा. उरलेल्यांसाठी मॅडम खुर्चीतून उठून उभ्या राहायच्या. चिडलेल्या माणसाशी बसून बोलू नये, असं त्यांचं मत होतं. "तो तिकडं येरझाऱ्या घालत असणार. आपण आरामात बसलोय हे त्याला आवाजावरनं कळतंय," असं त्यांनी मला एकदा समजावून सांगितलं होतं.

ऑफिस राजारामपुरीत, एका औषधाच्या दुकानाच्या वर. मालक अभिजित, पुण्यात बरीच वर्षं नोकरी करून परत आलेला. वेबसाइटवरून माल विकणाऱ्यांसाठी त्याने एक सॉफ्टवेअर तयार केलं होतं. दुकानदाराला आपल्या वेबसाइटचं एकच पान दोन तऱ्हांनी लावता यायचं. येणाऱ्या निम्म्या लोकांना एक पान दिसायचं, निम्म्यांना दुसरं, आणि कुठल्या पानावरून माल जास्त जातो ते आकडे सांगायचे. ही झाली टेस्ट. सॉफ्टवेअरचं दुसरं काम म्हणजे पूर्वी येऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला ओळखायचं आणि त्याच्या गरजेचंच त्याच्यासमोर ठेवायचं. पेठेतला जुना दुकानदार जसा "वहिनी, परवाचा तांदूळ संपला असंल की" म्हणतो, तसंच, फक्त हे काम यंत्र करायचं.

मी त्या सॉफ्टवेअरमधला मराठी मजकूर लिहायचो. बटणांवरचे शब्द, सूचना, मदतीची पानं. माझं टेबल मॅडमच्या टेबलासमोर होतं. त्यामुळे पाच-सहा वर्षं मी त्यांचं फोनवरचं अर्धं बोलणं ऐकत आलो. उरलेलं अर्धं पलीकडे असायचं.

त्यांचं पूर्ण नाव नसीमा मुल्ला. मूळच्या गारगोटीच्या. वडिलांचं तिथं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मॅडम संख्याशास्त्रात एम.एस्सी. झाल्या आणि गावाकडच्याच एका कॉलेजात तासावर शिकवायला लागल्या. तासावर म्हणजे जितके तास शिकवाल तितक्याचाच पगार. दर जूनमध्ये त्यांना कुणीतरी सांगायचं की यंदा कायम होणार. अशी कितीतरी वर्षं गेली. वडील गेले, भावाचा संसार वाढला, आणि एक दिवस आईच्या अंगावरून वारं गेलं. उपचारासाठी आईला घेऊन त्या कोल्हापुरात आल्या, कळंब्याला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि नोकरी शोधायला लागल्या.

मुलाखतीला आल्या तेव्हा अभिजितने विचारलं, "कस्टमर सपोर्टचा काही अनुभव?"

"बारावीच्या पोरांना प्रोबॅबिलिटी शिकवलीय," मॅडम म्हणाल्या.

अभिजित हसला. त्या हसल्या नाहीत. त्यांनी ते उत्तर म्हणूनच दिलं होतं.

बुटक्या, जाड भिंगांचा चष्मा, सलवार-कमीजवर पांढरे स्पोर्ट्स शूज. डोक्यावरची ओढणी फोन रंगात आला की खांद्यावर उतरायची आणि फोन संपला की परत वर जायची. चहा बशीत ओतून प्यायच्या. फोनच्या मध्येच आला तर तसाच गार होऊ द्यायच्या आणि नंतर तो गारढोण चहाही बशीत ओतूनच प्यायच्या. संगणकाशी त्यांचं फारसं जमायचं नाही. व्हिडिओ कॉलवर आपला आवाज बंद आहे की चालू हे त्यांना कधीच कळलं नाही, त्यामुळे नाशिकच्या एका मोठ्या कंपनीच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी त्यांना भाजीवाल्याशी गवारीवरून घासाघीस करताना ऐकलं होतं. रमजानच्या महिन्यात दुपारनंतर त्यांचा घसा कोरडा पडायचा. आम्ही म्हणायचो, आता फोन आम्ही घेतो. त्या ऐकायच्या नाहीत. "तुम्ही तोडून बोलता," म्हणायच्या. ते खरंच होतं.

आणि बोलणं अस्सल आमच्याकडचं. 'मी येतो, मी बघतो, मी सांगतो.' कोल्हापुरातल्या बायका असंच बोलतात, पण पुण्याचं एक गिऱ्हाईक चक्रावलं होतं. त्याने अभिजितला विचारलं, "तुमच्याकडचे ते मुल्ला सर नक्की सर आहेत की मॅडम?"

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: "अजून माणसं येऊ देत." टेस्ट लावली की दुकानदारांना दम नसायचा. सकाळी टेस्ट लावायची आणि दुपारी फोन करायचा, लाल बटण पुढं आहे, आता सगळीकडे लालच करू का? मॅडम म्हणायच्या, "एवढ्यात न्हाय. अजून माणसं येऊ देत." थोड्या लोकांवरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो, हे त्यांनी आयुष्यभर फळ्यावर लिहून शिकवलं होतं. आता तेच फोनवर शिकवत होत्या. हे वाक्य त्या आमच्यावरही वापरायच्या. ऑफिसात नवीन आलेला रोहन नावाचा प्रोग्रॅमर पहिल्याच आठवड्यात दोनदा उशिरा आला, तेव्हा अभिजित म्हणाला, "हा पोरगा काय टिकत नाही." मॅडमनी मान वर न करता सांगितलं, "दोनच दिवस बघितलाय की त्याला. अजून थोडे येऊ देत." रोहन अजून तिथंच आहे.

चौगले नावाचे दोघे भाऊ होते. भुदरगडाकडचे. गूळ आणि काकवी वेबसाइटवरून विकायचे. वेबसाइटच्या पहिल्या पानावर कुठला फोटो लावायचा यावरून दोघांत बिनसलं होतं. थोरल्याला गुऱ्हाळाचा फोटो हवा होता, उकळत्या रसाच्या काहिलीशेजारी त्यांचे वडील उभे आहेत असा. धाकट्याला चकचकीत खोक्यात भरलेल्या गुळाचा हवा होता. म्हणून टेस्ट. थोरल्याचा फोन दुपारीच आला. आवाज एवढा मोठा की मला टेबलापलीकडून ऐकू येत होता.

"मॅडम, आमच्या आबांचा फोटो जिंकालाय. आता हे बंद करा आणि आबांचाच ठेवा."

"किती लोक आलेत बघितलं काय?"

"आलेत की पाच-पन्नास."

"चौगलेसाहेब, म्हशी हाईत न्हवं तुमच्याकडं?"

"हाईत की. त्याचं काय?"

"डेअरीत दूध घालता, तवा फॅट बघायला नमुना घेतात. किटलीच्या वरचं वरचं दूध घेतलं तर चालंल?"

"न्हाय. ढवळाय लागतंय."

"मग ढवळू द्या की. अजून माणसं येऊ देत."

माणसं येत राहिली. कधी आबा पुढं जायचे, कधी खोका. थोरला आणि धाकटा दोघंही वेगवेगळे फोन करायचे, एकमेकांना न सांगता. शेवटी निकाल लागला तो असा की दोन्ही फोटोंत काही फरकच नाही. थोरले चौगले फोनवर हताश झाले. "म्हंजे एवढं करून हाती काय न्हाय?"

"फरक न्हाय हे कळलं की," मॅडम म्हणाल्या. "खोक्याचा फोटो लावून चार पैसे जास्त मिळत न्हाईत. आणि वडलांचा लावून तोटा बी न्हाय. मग कुठला ठेवायचा ते तुमच्या धाकट्या भावाला विचारा. त्याचे बी ते वडीलच हाईत."

नंतर कधीतरी मी ती वेबसाइट उघडून बघितली. काहिलीशेजारी डोक्याला टॉवेल गुंडाळलेला एक म्हातारा उभा होता, आणि कॅमेऱ्याकडे न बघता काहिलीतच बघत होता. फोटो कुणी ठेवला, ते मॅडमनी विचारलं नाही.

त्या स्वतः चुकल्या की त्यांना कमालीचा आनंद व्हायचा. हा गुण मी दुसऱ्या कुणात फारसा बघितलेला नाही. पन्हाळ्यावर पर्यटकांना घरगुती खोल्या देणाऱ्या एका बाईंनी टेस्ट लावली होती. एका पानावर धुक्यात बुडालेला गड, दुसऱ्यावर चुलीवरची भाकरी आणि पिठलं. मॅडमनी छातीठोकपणे सांगितलं, धुकंच जिंकणार. मी म्हटलं, भाकरी. चहाची पैज लागली. त्या घरमालकीणबाईंनी आपल्याच मनाने तिसरं एक पान जोडलं होतं, त्यावर मोठ्या अक्षरांत एवढंच लिहिलेलं: 'गाडी लावायला दारात जागा आहे.' तेच पान जिंकलं. चांगल्या मोठ्या फरकाने. मॅडम दिवसभर मध्येच हसत होत्या. "धुकं हरलं, भाकरी हरली, आणि पार्किंग जिंकलं. माणूस गडावर चढतोय आणि डोक्यात काय, तर गाडी कुठं लावू." चहा मग त्यांनीच पाजला, पैज दोघंही हरल्यामुळे.

आमच्या सॉफ्टवेअरबद्दल लोक इंटरनेटवर अभिप्राय लिहायचे. अभिजित ते रोज सकाळी वाचायचा. त्यात बरेचदा असं असायचं की सॉफ्टवेअर समजायला अवघड आहे, पण फोनवरच्या मॅडम चांगल्या आहेत. एकाने तर सॉफ्टवेअरला तीनच चांदण्या दिल्या होत्या आणि खाली लिहिलं होतं, मॅडमना पाच. अभिजितला हे वाचून अभिमानही वाटायचा आणि लागायचंही. तो स्क्रीन वळवून मॅडमना दाखवायचा. त्या चष्मा वर करून वाचायच्या आणि म्हणायच्या, "अवघड का वाटलं ते लिवलं न्हाय त्यानं. फोन करून विचारतो."

आईबद्दल मात्र त्या काही बोलायच्या नाहीत. आम्हाला एवढंच माहीत होतं की आई अंथरुणावर आहे, दिवसा शेजारची एक बाई जवळ असते, आणि संध्याकाळी साडेपाचची बस मॅडम चुकवत नाहीत.

पोतदारांचं प्रकरण झालं ते याच काळात. पोतदार आमचे सगळ्यांत मोठे ग्राहक. शाहूपुरीत त्यांचं दुकान, पण खरा धंदा वेबसाइटवर. घरी पडून असलेल्या आजारी माणसांना लागतं ते सगळं ते राज्यभर पाठवायचे. हवेच्या गाद्या, वॉकर, मोठ्यांचे डायपर, पाठीला लावायची पावडर. माणूस हुशार आणि कष्टाळू. पूर्वी माल घेतलेलं गिऱ्हाईक परत वेबसाइटवर आलं की पानाच्या वरच्या बाजूला काय दिसावं, याची त्यांनी टेस्ट लावली होती. एक साधं वाक्य: 'पुन्हा मागवा.' दुसरं पोतदारांनी स्वतः रचलेलं. गिऱ्हाइकाने माल कुणासाठी नेला होता ते सॉफ्टवेअरला आठवत असायचं, आणि ते विचारायचं, 'बाबा कसे आहेत? त्यांच्या वस्तू संपत आल्या असतील.' किंवा 'आई कशी आहे?' हे दुसरं वाक्य जिंकलं. भरपूर माणसं आल्यावर, नीट ढवळून, खरोखर जिंकलं. पोतदारांनी आम्हा सगळ्यांना पेढे पाठवले होते.

मग एका सकाळी त्यांनी एका गिऱ्हाइकाचा संदेश आमच्याकडे पाठवला. वर त्यांची एक ओळ, 'सॉफ्टवेअरमध्ये बिघाड दिसतोय, बघून घ्या.' खाली साताऱ्याच्या एका शिक्षिकेने लिहिलं होतं. जयश्री त्यांचं नाव. वडील जाऊन दोन महिने झालेत. आज आईला चालताना धरायला काठी हवी म्हणून तुमची वेबसाइट उघडली, तर पहिलंच वाक्य आलं, बाबा कसे आहेत. कृपया हे बंद करता येईल का.

रोहनने सगळं तपासलं. तो मॅडमच्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बिघाड न्हाय मॅडम. सगळं बरोबर चाललंय."

"व्हय," मॅडम म्हणाल्या. "बिघाड असता तर बरं झालं असतं. दुरुस्त केला असता."

त्यांनी जयश्रीताईंना फोन लावला. खरं तर त्या पोतदारांच्या गिऱ्हाईक, आमच्या नव्हेत. आम्ही त्यांना फोन करायची रीत नव्हती. मॅडम त्या दिवशी उभ्या राहिल्या नाहीत. खुर्ची भिंतीकडे वळवून बसल्या. "कोल्हापूरहून नसीमा मुल्ला बोलालोय. तुम्ही ते लिहिलं होतं, त्याबद्दल," एवढंच मला ऐकू आलं. नंतर बराच वेळ त्या फक्त ऐकत होत्या. मध्ये एकदा, "न्हाय, न्हाय, तुमचं काय चुकलं त्यात?" आणि अखेरीला, "काठी मधल्या उंचीची घ्या. खाली रबर बघून घ्या, जाड असू दे. फरशीवर सरकत न्हाय."

फोन ठेवून, खुर्ची परत वळवून त्या मला म्हणाल्या, "अमोल, त्या बाईंना राग आलेला न्हाय. ते वाक्य वाचून क्षणभर त्यांना वाटलं, उत्तर द्यावं. बरे हाईत म्हणून. बोट बी गेलतं म्हणे तिकडं. आणि मग आठवलं."

दोन दिवसांनी पोतदार स्वतः ऑफिसात आले. अभिजित, मॅडम, मी आणि रोहन, सगळे मोठ्या टेबलाशी बसलो. मॅडमनी आपलं म्हणणं थोडक्यात मांडलं. त्या प्रश्नाखाली बारीक अक्षरांत एक ओळ असू दे, 'आता गरज नाही.' गिऱ्हाइकाने ती दाबली की सगळं बंद. विचारणं बंद, आठवणीचे संदेश बंद. का म्हणून विचारायचं नाही.

पोतदारांनी नीट ऐकून घेतलं. "मॅडम, मला बी वाईट वाटलं त्या बाईंचं. पण असे किती असतील? बाकीच्या लोकांना ते विचारलेलं आवडतंय. माल जास्त जातोय. हे मी म्हणत न्हाय, तुमचे आकडे म्हणतात."

"खरं हाय ते," मॅडम म्हणाल्या.

"आता प्रश्नाखालीच 'गरज नाही' असं लिहिलं, तर चांगली गिऱ्हाइकं बी चुकून दाबतील. धंदा कमी होईल."

"होईल कदाचित."

"मग असं करू," पोतदार म्हणाले, आणि ते रास्तच बोलले. "तुमच्या ओळीची टेस्ट लावू. निम्म्यांना ओळ, निम्म्यांना न्हाय. विक्री घटली न्हाय तर कायमची ठेवू. तुम्हीच शिकवलंय आम्हाला हे."

अभिजितच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. आम्ही सगळ्यांनी मॅडमकडे बघितलं. त्या ओढणीचं टोक बोटाभोवती गुंडाळत होत्या.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "ह्याची टेस्ट लावायची न्हाय."

"का?"

"जी गोष्ट हरली तरी ठेवायची हाय, तिची टेस्ट कशाला लावायची, पोतदारसाहेब? ते आकड्यांना बी फसवणं झालं, आणि माणसांना बी. टेस्ट लावायची तर निकाल मानायची तयारी पायजे. माझी तयारी न्हाय."

अभिजित म्हणाला, "मॅडम, एवढं मनाला लावून घेऊ नका."

"तसं न्हाय, सर." त्या पोतदारांकडे वळून बोलल्या. "माझी अम्मा पाच वर्षं अंथरुणावर हाय. सगळं सामान तुमच्याकडनंच मागवतो मी. तुमचं पान उघडलं की मला विचारतंय, आई कशी हाय. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटतंय ते वाचून. पहिल्या वर्षी सगळे विचारत होते. पावणे यायचे, शेजारी यायचे. आता कोण विचारत न्हाय. तुमचं पान तेवढं विचारतंय. म्हणून मला त्याचं भ्या वाटालंय. उद्या अम्मा नसली, तरी ते विचारतच राहणार."

पोतदार उठले, "बघतो," म्हणाले आणि गेले. पुढच्या महिन्यापासून त्यांनी आमचं सॉफ्टवेअर बंद करून दुसरीकडचं घेतलं.

अभिजितला ते फार लागलं. तो आठवडाभर मॅडमशी कामापुरतंच बोलत होता. मॅडमही काही समजूत काढायला गेल्या नाहीत. रोजच्यासारखे फोन घेत होत्या, रोजच्यासारख्या साडेपाचच्या बसने जात होत्या. एकदा मी विचारलं, तुम्हाला वाईट वाटतंय का. म्हणाल्या, "वाटतंय की. सरांचं नुकसान झालं. पण परत तसंच बोललो असतो." मग एका सकाळी अभिजित माझ्या टेबलाशी आला आणि मॅडमकडे न बघता मला म्हणाला, "ते 'गरज नाही'चं आपण सॉफ्टवेअरमध्येच घालतोय. सगळ्या ग्राहकांसाठी. मजकूर लिही." मॅडम फोनवर होत्या. त्यांनी ऐकलं की नाही ते कळलं नाही, पण फोन संपल्यावर उठून गेल्या आणि अभिजितच्या टेबलावर बशीसकट चहाचा कप ठेवून आल्या.

मजकूर आम्ही दोघांनी मिळून केला. ओळ तर ठरलेलीच होती. प्रश्न होता, ती दाबल्यावर काय दिसावं याचा. मी लिहिलं, 'धन्यवाद, आपली नोंद झाली आहे.' मॅडम म्हणाल्या, "धन्यवाद कशाबद्दल?" मी लिहिलं, 'क्षमस्व.' त्या म्हणाल्या, "कुणाची आई बरी होऊन चालायला लागली असंल. तिला क्षमस्व कशाला?" असं दुपारभर चाललं. मी नवीन काही लिहायचो, त्या ते मोठ्याने वाचायच्या, जसं कुणी समोर बसून ऐकतंय. शेवटी एवढंच उरलं: 'बरं. यापुढे विचारणार नाही.'

"हे माणसासारखं हाय," त्या म्हणाल्या.

पुढे बऱ्याच दिवसांनी, अम्मांसाठी पावडर मागवताना, त्यांना पोतदारांच्या वेबसाइटवर तशीच एक ओळ दिसली. वेगळे शब्द, पण अर्थ तोच. मला म्हणाल्या, "लावलं की त्यांनी बी." एवढंच. अभिजितला सांगू का म्हणून मी विचारलं तर म्हणाल्या, "कशाला? त्यांचं त्यांनी केलं."

त्या वर्षीच्या थंडीत अम्मा गेल्या. आम्ही सगळे कळंब्याला गेलो. घर दोन खोल्यांचं, अतिशय स्वच्छ, खिडकीतून तळ्याचा एक तुकडा दिसणारा. अम्मांचा पलंग त्याच खिडकीला लावलेला होता. मॅडम बायकांच्यात बसल्या होत्या. आम्हाला बघून उठल्या आणि रोहनला म्हणाल्या, "जेवलास काय?"

त्यानंतर त्या दीडेक महिना कामावर आल्या नाहीत. आल्या तेव्हा राजीनामाच घेऊन. गारगोटीकडच्या जुन्या कॉलेजात त्यांना परत बोलावलं होतं. मी विचारलं, कायम का? हसून म्हणाल्या, "परत तासावरच. पण पोरं समोर दिसतात की रे. फोनवर सहा वर्षं नुसते आवाज ऐकले." अभिजितने त्यांना थांबवायचा प्रयत्न केला, मग निरोपाचं जेवण ठरवलं. चौगल्यांचे दोघे भाऊ एकाच गाडीतून आले होते.

गारगोटीला जायच्या आदल्या दिवशी त्यांचा मला फोन आला. "गाडी हाय न्हवं तुझी? जरा येतोस काय?" घरात अम्मांचं सामान बांधून ठेवलं होतं. हवेची गादी, वॉकर, न फोडलेले गठ्ठे. ते सरकारी दवाखान्यात कुणाला तरी द्यायचं होतं. आम्ही ते घेऊन गेलो. वॉर्डात नर्सबाईंनी एका कोपऱ्यातल्या कॉटकडे बोट दाखवलं. तिथं एक अशक्त म्हातारा पडून होता आणि त्याची सून शेजारी उभी होती, विशी-पंचविशीची, खेड्यावरून आलेली. तिने सामान घेतलं, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की याचं काय करायचं तिला माहीत नाही. म्हाताऱ्याच्या पाठीला जखम व्हायला लागली होती. त्याला कुशीवर वळवायला ती घाबरत होती. दुखंल त्यांना, म्हणत होती.

मी गादीचा पंप जमिनीवर ठेवला आणि दाराशी जाऊन थांबलो. मॅडमनी ओढणी कमरेला खोचली, बाह्या वर केल्या. सासऱ्याच्या कानाशी वाकून आधी त्यांनाच काहीतरी सांगितलं. मग त्या पोरीचा हात धरून म्हाताऱ्याच्या खांद्याखाली ठेवला आणि आपला हात कमरेखाली.

"ओढायचं न्हाय. त्यांनी श्वास सोडला की त्यांच्याबरोबर वळायचं. घाबरू नको, मी हाय."

म्हातारा कुशीवर वळला. पोरीने मॅडमकडे बघितलं.

"आता परत पाठीवर," मॅडम म्हणाल्या. "ह्या खेपेला तू एकटी. मी नुसता हात लावतो."

मग त्यांना मी आठवलो. त्यांनी मान वळवून दाराकडे बघितलं.

"तू हो पुढं, अमोल. मला हितं वेळ लागंल."